अंडाशयाचा कर्करोग आणि लोकजागृती : मराठवाड्यातील अनुभवाच्या आधारे एक विवेचन

कोणत्याही रोगाविषयी लोकजागृती करावयाची म्हणजे प्रथम त्या रोगाला आणि तो ज्या अवयवाला होतो त्या अवयवाला लोकांच्या भाषेत नाव असावे लागते. अंडाशयाच्या कर्करोगाची पहिली अडचण नेमकी हीच आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील खेड्यांत गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. पिशवीला सूज आली, पिशवी खाली आली, पिशवी काढली, ही वाक्ये कोणत्याही बाह्यरुग्ण कक्षात कानी पडतात. परंतु अंडाशयाला बोलीत रूढ शब्द नाही. बीजकोश, बीजांडकोश, अंडाशय हे सारे शब्द पाठ्यपुस्तकांतले होत. परिणामी गर्भाशयमुखाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा आणि अंडाशयाचा असे तीन अगदी भिन्न स्वरूपाचे कर्करोग ‘पिशवीचा कॅन्सर’ ह्या एकाच नावाखाली येतात, आणि एकाविषयी दिलेली माहिती ऐकणारी स्त्री सहजच दुसऱ्यालाही लावते. हा घोटाळा केवळ शब्दांचा नाही. त्याचे परिणाम प्रत्यक्ष शरीरावर झालेले आहेत, हे पुढे दिसून येईल.

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगांच्या खालोखाल अंडाशयाच्या कर्करोगाचा क्रम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ सालासाठी केलेल्या अंदाजानुसार त्या वर्षी भारतात ह्या रोगाचे सुमारे ४७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळजवळ ३३ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. नव्या रुग्णांची संख्या आणि मृत्यूंची संख्या ह्यांत इतके थोडे अंतर असावे, ह्यातच रोगाचे स्वरूप कळून येते. रोग अंडाशयापुरता मर्यादित असताना सापडला तर पाश्चात्त्य देशांतील नोंदींप्रमाणे दहांपैकी नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो दूरवर पसरल्यावर सापडला तर दहांपैकी जेमतेम तीन. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तो पसरल्यावरच सापडतो.

असे का होते, ह्याचे कारण शरीररचनेत आहे. अंडाशय हा सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा, ओटीपोटाच्या पोकळीत सैल लोंबणारा अवयव आहे. त्याची वाढ झाली तरी प्रारंभी कशावर दाब पडत नाही आणि वेदना होत नाही. गर्भाशयमुखाप्रमाणे तो डोळ्यांनी पाहता येत नाही, स्तनाप्रमाणे हाताला लागत नाही. शिवाय गेल्या दोन दशकांतील विकृतिशास्त्रीय संशोधनाने असे दाखविले आहे की ह्या रोगाचा जो सर्वांत घातक प्रकार, त्याचा उगम पुष्कळदा अंडाशयात नसून गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी असतो. तेथून सुटलेल्या पेशी उदरपोकळीतील द्रवाबरोबर वाहत जाऊन उदरावरण, वपा आणि श्वासपटलाच्या खालच्या बाजूवर रुजतात. म्हणजे सोनोग्राफीत अंडाशय मोठा दिसू लागण्यापूर्वीच रोग घर सोडून बाहेर पडलेला असू शकतो.

कर्करोगाविषयीच्या लोकजागृतीचा मराठी मुलखातील सर्वांत अभ्यासनीय प्रयोग मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच घडला आहे. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातील ही पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी, परंडा आणि भूम ह्या तीन तालुक्यांतील साडेतीनशेच्या जवळपास खेडी आणि सुमारे चार लाख लोकवस्ती तिच्या कक्षेत होती. परंडा व भूम हे तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले; आणि लातूर जिल्हा १९८२ साली ह्याच उस्मानाबादेतून वेगळा झालेला. तेव्हा बार्शीचा अनुभव लातूरकरांना परका मानण्याचे कारण नाही.

शहरातील नोंदणी सोपी असते, कारण रुग्ण रुग्णालयात येतो आणि कारकून त्याचे नाव टिपून घेतो. बार्शीच्या परिसरात रुग्ण रुग्णालयापर्यंत येतच नव्हता. मग नोंद करावयाची कोणाची? डॉ. बी. एम. नेने, श्रीमती कस्तुरी जयंत आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पद्धतच उलटी केली. प्रशिक्षित क्षेत्रकार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव जात. सरपंच, शिक्षक, स्थानिक वैद्य, जाणती माणसे ह्यांना भेटत. कर्करोगाची लक्षणे कोणती हे साध्या भाषेत सांगत. संशयित रुग्णाला तपासणीसाठी बार्शीस आणण्याची व्यवस्था करीत. नोंदणीचे काम आणि जागृतीचे काम अशा रीतीने एकच झाले. ह्याचे जे फलित दिसले ते १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग नियतकालिकात प्रसिद्ध झाले : जागृती वाढली तसतसे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांत प्राथमिक अवस्थेत येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढत गेले. नवे यंत्र आले नव्हते, नवे औषध निघाले नव्हते. तीच माणसे त्याच गावात पुन्हा पुन्हा जात राहिली, एवढाच फरक घडला होता.

ह्या पायावरच पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातील सुप्रसिद्ध चाचणी उभी राहिली. १९९९ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या ह्या चाचणीत ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा समावेश होता. चार गट करण्यात आले. तीन गटांत अनुक्रमे मानवी पॅपिलोमा विषाणूची चाचणी, पेशींची तपासणी आणि ॲसेटिक आम्ल लावून केलेली दृश्य तपासणी अशी एकेकच फेरी झाली. चौथ्या गटास नेहमीच्याच सोयी उपलब्ध राहिल्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा विषाणूचाचणीच्या गटात ह्या कर्करोगाने ३४ आणि चौथ्या गटात ६४ मृत्यू झाल्याचे आढळले. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या फारशी भिन्न नव्हती, म्हणजे मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. खेड्यातील पाच स्त्रियांमागे चौघी चाचणीस आल्या, हे तर कोणत्याही शहरास हेवा वाटावा असे प्रमाण आहे. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीवाचून ठेवल्याबद्दल पुढे वैद्यकीय नीतिशास्त्राच्या क्षेत्रात गंभीर आक्षेप घेतले गेले, आणि ज्यांना ह्या चाचणीचा गौरव करावयाचा असेल त्यांनी ते ६४ मृत्यूही विसरता कामा नयेत.

आता येथेच एक मोह उत्पन्न होतो. गर्भाशयमुखाच्या बाबतीत गावोगाव तपासणी करून मृत्यू टाळता आले, तर अंडाशयाच्या बाबतीतही तसेच का करू नये? गावात सोनोग्राफीचे शिबिर भरवावे, रक्तातील सी.ए.-१२५ हे द्रव्य मोजावे, आणि रोग वेळीच पकडावा. शिबिरांचे आयोजक असा विचार सद्‌भावनेने करतात. परंतु पुरावा त्याविरुद्ध आहे. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत असे दिसले. उलट ३,२८५ स्त्रियांना कर्करोग नसताना संशयित ठरविले गेले, त्यांतील १,०८० स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाली, आणि १६३ जणींना तिच्यामुळे गंभीर उपद्रव झाले. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांना घेऊन झालेल्या चाचणीचा अखेरचा निष्कर्ष २०२१ साली आला. रक्तातील द्रव्याचा वर्षानुवर्षे आलेख ठेवून केलेल्या तपासणीने प्राथमिक अवस्थेतील रुग्ण अधिक सापडले खरे, पण मृत्यूंची संख्या घटली नाही. रोग लवकर सापडणे आणि रोग्याचा जीव वाचणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ह्या चाचणीने फार मोठी किंमत मोजून शिकविले.

शिवाय सी.ए.-१२५ हे द्रव्य केवळ कर्करोगातच वाढते असे नाही. गर्भाशयाचे अस्तर अन्यत्र वाढण्याच्या विकारात, मासिक पाळीच्या दिवसांत, आणि विशेषतः उदराच्या क्षयरोगात ते वाढलेले आढळते. आपल्याकडे क्षय अजून घरोघरचा रोग असल्यामुळे ही गोष्ट दुहेरी घोटाळा करते : क्षयाच्या रुग्णास कर्करोग झाल्याची भीती घातली जाते, आणि उलट पोटात पाणी झालेल्या कर्करोगाच्या रुग्णास ऊतीची तपासणी न करताच महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या चालू राहतात. दुसरा प्रकार अधिक घातक.

मग लोकांना सांगावयाचे काय? तपासणी सांगता येत नाही; लक्षणे सांगता येतात. हा रोग निःशब्द आहे असे पूर्वी मानले जात असे. अमेरिकेतील बार्बरा गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ व २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनी ही समजूत खोडून काढली. पोट फुगणे किंवा पोटाचा घेर वाढणे, ओटीपोटात वा पोटात दुखणे, थोड्याशा खाण्याने पोट भरणे, ही लक्षणे वर्षाच्या आत नव्याने सुरू झालेली आणि महिन्यातून बारापेक्षा अधिक दिवस राहणारी असतील तर त्यांकडे दुर्लक्ष करू नये, असे त्यांनी दाखविले. लघवीची वारंवार घाई हेही लक्षण अनेक रुग्णांत आढळते. ह्या निर्देशांकाने प्राथमिक अवस्थेतील सुमारे ५७ टक्के आणि प्रगत अवस्थेतील सुमारे ८० टक्के रुग्ण ओळखता आले. मात्र ह्याची दुसरी बाजूही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल : अशी लक्षणे असणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी प्रत्यक्ष हा रोग असणारी जेमतेम एक निघते. जागृती करणाऱ्याने नव्याण्णव जणींना घाबरवून सोडता कामा नये, आणि एकीला घरी बसू देता कामा नये. कॅनडातील मॉन्ट्रिऑल येथे पन्नाशी उलटलेल्या, लक्षणे असणाऱ्या स्त्रियांची त्वरित तपासणी करण्याचा जो प्रयोग झाला, त्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेले फलित येथे मार्गदर्शक ठरते. तेथे रोग पहिल्या अवस्थेत सापडला असे नाही. तो पसरलेला पण अद्याप थोडा असताना सापडला, आणि त्यामुळे शस्त्रक्रियेत तो संपूर्ण काढून टाकणे अधिक वेळा शक्य झाले. ह्या रोगात शस्त्रक्रियेनंतर पोटात किती गाठी उरल्या ह्यावर आयुष्य अवलंबून असते. म्हणून हा लाभ लहान नाही.

पुस्तकातील लक्षणे पुस्तकातल्या शब्दांत सांगून मात्र उपयोग नाही. मुखेड किंवा निलंगा तालुक्यातील स्त्री पोट फुगण्याला ‘गॅस’ म्हणते आणि दुकानातून पुडी आणून घेते. पोट गच्च झाले तर उपवासाच्या साबुदाण्यास दोष देते. घरात सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले खाणारी स्त्री दोन घासांत तृप्त होऊ लागली, तर ते कोणाच्या ध्यानात येणार? लघवीस वारंवार जावे लागणे हे, जेथे आडोसा मिळणेच कठीण तेथे, दिवसभर पाणी कमी पिऊन झाकले जाते. तेव्हा प्रश्न असे विचारावे लागतात : परकराची नाडी पूर्वीपेक्षा सैल बांधावी लागते काय? एक भाकरी खात होतीस ती अर्धीवर आली काय? हातपाय वाळले आणि पोट मात्र वाढले असे शेजारणीने म्हटले काय? हे दोन महिन्यांपासूनचे की पूर्वीपासूनचेच? अशा प्रश्नांची भाषा प्रत्येक भागात निराळी असणार. देगलूर, बिलोली, धर्माबाद ह्या पट्ट्यात तेलुगू, उदगीर-देवणीच्या बाजूस कन्नड, तांड्यांवर गोरमाटी, नांदेड शहराच्या अनेक मोहल्ल्यांत दखनी. केवळ प्रमाण मराठीत छापलेले पत्रक ह्या स्त्रियांपैकी कितीजणींपर्यंत पोहोचते ह्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

लोकजागृती चुकीच्या मार्गाने गेली तर काय होते ह्याचेही उदाहरण ह्याच प्रदेशात आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयशस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली महाराष्ट्रापुढे आला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सबंध देशासाठी हाच आकडा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. कारणे अनेक होती. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिने उचल घेतलेली. एक दिवस काम चुकले की खाडा. आणि पाळीच्या दिवसांत फडावर ना पाणी ना आडोसा. परंतु ह्या सर्व कारणांच्या जोडीला कर्करोगाची भीती होती. अंगावर पांढरे जाते, पाळी अनियमित आहे, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, असे सांगितले गेल्याचे अनेक स्त्रियांनी नमूद केले. त्यांना ‘कॅन्सर’ हा शब्द ठाऊक होता. कोणत्या अवयवाचा, कोणत्या लक्षणाने, कोणत्या वयात, हे ठाऊक नव्हते. अर्धवट जागृती असे जिला म्हणावे ती हीच.

ह्यातील शास्त्रीय विपर्यास स्पष्ट करणे आवश्यक आहे. केवळ गर्भाशय काढल्याने अंडाशयाचा कर्करोग टळत नाही. अंडाशय आणि नलिका जागेवरच राहतात. तरीही ‘पिशवी काढली, आता भीती नाही’ अशी समजूत होऊन अशी स्त्री पुढील वीस वर्षे पोटाच्या तक्रारीकडे पाहत नाही. आणि तिशीतच गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती अकाली येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्या कुटुंबांत आई, बहीण, मावशी, आत्या ह्यांपैकी एकीहून अधिक जणींना स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. बी.आर.सी.ए.-१ ह्या जनुकातील दोष असणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे चाळीस जणींना आयुष्यात केव्हातरी हा रोग होतो, आणि त्यांना अपत्ये झाल्यावर नलिका व अंडाशय काढून घेण्याचा सल्ला विचारपूर्वक दिला जातो. हा सल्ला त्या मोजक्या कुटुंबांसाठी आहे. तो सरसकट गावाला लागू करणे म्हणजे बीडचीच पुनरावृत्ती होय. वस्तुतः बाळंतपणे, अंगावर पाजणे, संततिनियमनाच्या गोळ्या आणि मराठवाड्यात सर्वत्र होणारी नलिकाबंधनाची शस्त्रक्रिया ह्या सर्वांनी हा धोका काही अंशी घटतोच, ही गोष्ट क्वचितच कोणी स्त्रियांना सांगते.

कार्य कोणी करावे, ह्याचे उत्तर ह्या भागाच्या इतिहासात शोधता येते. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण चालू असता स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेने गावोगावची महिला मंडळे त्या कामाशी जोडली. भूकंपसुरक्षित बांधकाम हा गवंड्यांचा आणि अभियंत्यांचा विषय. पण तो स्त्रियांनी समजून घेतला, इतरांना समजावला आणि बांधकामावर लक्ष ठेवले. अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. त्याही आधी, १९७० पासून, मराठवाड्याच्या सीमेवरील जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे ह्या डॉक्टर दांपत्याने अल्पशिक्षित स्त्रियांकडून जे आरोग्यकार्य करवून घेतले त्याची दखल जगाने घेतली. कठीण विषय खेड्यातील स्त्रीला कळत नाही, हा आक्षेप ह्या तीन उदाहरणांनंतर शिल्लक राहू नये.

आज हे काम मुख्यतः आशा कार्यकर्तीकडे येते. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी ती एक प्रश्नावली भरते. तीत स्तनातील गाठीविषयी, पाळी गेल्यावर होणाऱ्या रक्तस्रावाविषयी, दुर्गंधीयुक्त स्रावाविषयी प्रश्न आहेत, कारण कार्यक्रमाचा रोख मुख, स्तन व गर्भाशयमुख ह्या तीन कर्करोगांवर आहे. पोट फुगण्याविषयी किंवा भूक मंदावण्याविषयी प्रश्न नाही. तपासणी उपलब्ध नसलेल्या रोगाचा समावेश का करावा, असा युक्तिवाद ह्यावर करता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. आशा कार्यकर्तीवर आधीच कागदांचा भार मोठा आहे. तथापि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रीला, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रीला, दोन प्रश्न अधिक विचारण्यास एक मिनिटही लागणार नाही. ह्या प्रश्नांच्या उत्तरांची नोंद ठेवून, त्यांतील किती स्त्रिया तपासणीस पोहोचल्या आणि किती दिवसांत, हे एका तालुक्यापुरते मोजणे हा पदव्युत्तर प्रबंधाचा उत्तम विषय होऊ शकेल.

पाठवावयाचे कोठे, हेही आधी ठरलेले हवे. स्त्रीरोगतज्ज्ञाकडून आतील तपासणी आणि सोनोग्राफी ही पहिली पायरी तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकते. परंतु गाठ संशयास्पद दिसली तर सुई टोचून पाणी काढणे किंवा जवळच्या रुग्णालयात घाईने फोडून काढणे हे टाळले पाहिजे. अंडाशयापुरती मर्यादित असलेली गाठ पोटात फुटली की रोगाची अवस्था त्याच क्षणी पुढे सरकते. खर्चाची भीती हे विलंबाचे मोठे कारण असते. येथे निदान नांदेडकरांना योजनेची ओळख जुनी आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ह्या नावाने चालते, आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया व रसायनोपचार तिच्यात अंतर्भूत आहेत.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. बहुतेक शिबिरे हिवाळ्यात भरतात, कारण तेव्हा हवा चांगली असते आणि शासकीय वर्षाचा निधी हाती असतो. माळेगावची यात्राही त्याच सुमारास येते व ध्वनिक्षेपकावरून आरोग्याची भाषणे होतात. परंतु कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, जळकोट ह्या भागांतील अनेक स्त्रिया दसऱ्याच्या सुमारास मुकादमाच्या गाडीत बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस गेलेल्या असतात. त्या परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी. बार्शीचे कार्यकर्ते ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा गावात जात. मराठवाड्यातील कार्यकर्त्याला त्यांतील एक फेरी पोळ्याच्या आसपास, म्हणजे गाड्या भरण्याआधी, आणि दुसरी गुढीपाडव्यानंतर ठेवावी लागेल.